चामखीळ: थांबावे की उपचार करावा?

निशिगंध:
माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या बोटांवर, नखांच्या कडेला, गेल्या काही महिन्यांपासून चामखिळी आल्या आहेत. आधी एकच होती. तिथली कातडी ती दातांनी कुरतडत असे आणि पुढे शेजारच्या बोटावरही तसाच खरखरीत उंचवटा दिसू लागला. आता टाचेवरही एक कडक, दुखरी जागा झाली आहे. ते कुरूप आहे की चामखीळच, हे कळत नाही. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की ब्लेडने मुळासकट काढल्याशिवाय ती पुन्हा पुन्हा येतच राहणार. उपचार करावा की वाट पाहावी?

सांजवारा:
ब्लेड मुळीच लावू नये. चामखिळीला मूळ नसतेच. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या शंभराहून अधिक प्रकारांपैकी काही मोजके प्रकार बारीकशा ओरखड्यातून त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात शिरतात, तेथील पेशी भराभर वाढू लागतात आणि कातडी जाड होत जाते. त्याखालच्या थरात हा विषाणू उतरत नाही. चामखिळीत दिसणारे काळे ठिपके म्हणजे रक्त साकळलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. घरी कापाकापी केल्यास रक्त येते, विषाणू आजूबाजूला पसरू शकतो आणि व्रण मात्र कायमचा राहतो.

मुलांमध्ये सुमारे निम्म्या चामखिळी वर्षभरात आणि दोन तृतीयांश दोन वर्षांत उपचारांविना जातात, कारण शरीराची प्रतिकारशक्ती उशिरा का होईना, त्या विषाणूला ओळखते. त्यामुळे दुखत नसेल, पसरत नसेल आणि मुलीलाही त्याचा संकोच वाटत नसेल, तर थांबणे हा निष्काळजीपणा नव्हे. तुमच्याकडे मात्र त्या पसरत आहेत. कुरतडण्याची सवय सुटली नाही तर कोणत्याही औषधाचा फारसा उपयोग होणार नाही, असे मला वाटते.

पायवाट:
टाचेपुरते सांगतो. कुरूप सरळ दाबल्यावर दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर अधिक दुखते. उजेडात नीट पाहिल्यास तळव्यावरच्या बारीक रेषा कुरुपावरून तशाच पुढे जातात, पण चामखिळीच्या कडेशी तुटतात. तरीही शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

निशिगंध:
चिमटीत धरल्यावरच ती कळवळते आणि रेषाही तुटलेल्या दिसतात. मग औषध नेमके कसे लावायचे? थंड वायूने गोठवणे अधिक चांगले नाही का?

सांजवारा:
सुरुवात सॅलिसिलिक ॲसिडने करतात. त्याचे साधारण १७ टक्क्यांचे द्रावण मिळते. तळव्याच्या जाड कातडीसाठी ४० टक्क्यांपर्यंतच्या पट्ट्याही असतात. रात्री ती जागा पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी, मऊ झालेली पांढरी कातडी कानशीने हलकेच घासावी, भोवतालच्या निरोगी त्वचेला व्हॅसलीन लावावे आणि मग द्रावणाचा थेंब फक्त चामखिळीवर ठेवून सुकू द्यावा. ती कानशी नखांसाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी वापरू नये. आग होऊ लागली तर काही दिवस खंड घ्यावा. हे रोज, बारा आठवड्यांपर्यंत करायचे असते. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यातच कंटाळून सोडून देतात आणि औषधाला दोष देतात.

गोठवण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन वापरतात, ज्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. दर दोन-तीन आठवड्यांनी तो द्यावा लागतो, त्याने दुखते, फोडही येतो, आणि हातांवरच्या चामखिळींवर त्याचा गुण सॅलिसिलिक ॲसिडपेक्षा निर्विवादपणे जास्त आहे असे दिसलेले नाही. लहान मुलांसाठी मी तो पहिला पर्याय मानणार नाही.

पायवाट:
एक पुरवणी. हे द्रावण चेहऱ्यावर किंवा जननेंद्रियांवर कधीही लावू नये, आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायांना लावू नये. प्रौढ वयात नव्याने आलेली, रक्त येणारी किंवा रंग-आकार झपाट्याने बदलणारी गाठ चामखीळच आहे असे घरी ठरवू नये, ती डॉक्टरांना दाखवावी. तुमच्या मुलीच्या बाबतीत तूर्तास टाचेवर चिकटपट्टी लावावी आणि टॉवेल वेगळा ठेवावा, एवढे पुरे. शाळा किंवा खेळ बंद करण्याचे कारण नाही.