मदत हवी आहे: कॅरी, ग्रीनव्हिल, हंट्सव्हिल की चॅटनुगा?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या एडिसनला अकरा वर्षं झाली, आता बिऱ्हाड हलवायची वेळ आलीये. नवऱ्याच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद करायचं ठरवलंय. साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला बदली घ्या, नाहीतर दोन महिन्यांचा पगार घेऊन मोकळे व्हा, असं सरळ सांगितलंय. उत्तर द्यायला पाच आठवडे आहेत. शिवाय त्याच्या दोन मुलाखती चालू आहेत. एक नॉर्थ कॅरोलिनात, रॅलेला लागून असलेल्या कॅरीजवळ आणि एक अलाबामात हंट्सव्हिलला. चॅटनुगा यादीत कसं घुसलं ते पुढे सांगते.

आमची माहिती: नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या क्वालिटीत आहे. एच-वन-बी (कंपनीमार्फतचा कामाचा व्हिसा), आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर, पण ग्रीन कार्ड कधी येईल ते विचारू नका. मी डेटा अ‍ॅनालिस्ट, एच-फोर ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळालेला कामाचा परवाना), काम घरूनच. लेक सातवीत, धाकटा पहिलीत. सासूबाई सांगलीहून वर्षाआड सहा महिने येतात, सध्या इथेच आहेत.

स्प्रिंग ब्रेकमध्ये पाचही जण गाडीत बसलो आणि नऊ दिवसांत चारही गावं पालथी घातली.

निघण्याआधी नवऱ्याने अर्थातच एक्सेल शीट केली होती. टेनेसीत पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पण चॅटनुगाला दुकानात ९.२५ टक्के सेल्स टॅक्स लागतो. नॉर्थ कॅरोलिनात २०२६पासून सरसकट ३.९९ टक्के इन्कम टॅक्स. साउथ कॅरोलिनाचा त्याहून जास्त, पण न शिजवलेल्या किराण्यावर राज्याचा सेल्स टॅक्स नाही. अलाबामात प्रॉपर्टी टॅक्स इतका कमी की न्यू जर्सीच्या माणसाला तो टायपिंगचा घोळ वाटावा. सगळी बेरीज झाल्यावर हंट्सव्हिल पहिलं आलं. मला पटेना, म्हणून मी त्यात एक रकाना वाढवला: दुसरी नोकरी.

म्हणजे आत्ता जी मिळतेय ती नव्हे. ही सुटली तर त्याच गावात पुढची मिळेल का? एच-वन-बीवाल्याला नोकरी गेल्यावर नवी शोधायला ६० दिवस मिळतात. एडिसनला पन्नास मैलांच्या आत काहीतरी सापडतंच, घर-शाळा तीच राहते. मध्यम आकाराच्या गावात सगळी भिस्त दोन-तीन मोठ्या कारखान्यांवर. तिथे नोकरी गेली की पुन्हा खोकी भरा.

आता गावांबद्दल.

कॅरी-मॉरिसव्हिलला पोचलो तेव्हा सगळं पिवळं होतं. पाइनच्या झाडांचे परागकण. गाडीच्या काचेवर, बाकांवर, सासूबाईंच्या चष्म्यावरसुद्धा. लेक तीन दिवस शिंकत होती. पण संध्याकाळी तिथल्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये गेलो, तर साडीखाली पांढरे बूट घातलेल्या आज्या जोडीजोडीने फेऱ्या मारत होत्या. दहा मिनिटांत सासूबाई त्यातल्या एका मिरजेच्या बाईंशी बोलत होत्या. तिथेच नवरा मला म्हणाला, “झालं, आईचं मत पडलं.” कॅरीत श्री वेंकटेश्वर मंदिराचं ८७ फुटी गोपूर आहे, मॉरिसव्हिलला क्रिकेटचं मैदान आहे, मेथी-शेपूसाठी तासभर गाडी चालवावी लागत नाही. उत्तरेकडून आलेल्यांची इतकी गर्दी की ‘कन्टेन्मेंट एरिया फॉर रिलोकेटेड यांकीज’ची आद्याक्षरं म्हणजे कॅरी, असा तिथला जुना विनोद आहे. रॅले शहराची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ४ लाख ६७ हजार, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा थोडी कमीच. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांना ते गाव एकदम आपलं वाटायला लागलं.

अडचण शाळांची. कॅरी ज्या वेक काउंटीत येतं, तिथे बऱ्याच शाळा वर्षभर चालतात: नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी, मुलांचे चार गट. उन्हाळ्याची मोठी सुट्टी नाही. लेकीची शाळा जुन्या वेळापत्रकाची आणि धाकट्याची वर्षभराची निघाली, तर दोघांना घेऊन भारतात जायचं कधी? शिवाय काही शाळा भरल्या की ‘कॅप’ लागते, आणि घरासमोरची शाळा सोडून मुलाला लांबच्या शाळेत टाकतात. घर बघताना एजंट याबद्दल अवाक्षर काढत नाही.

ग्रीनव्हिल मला बघताक्षणी आवडलं आणि त्याचाच राग आला. भर गावात रीडी नदीचा धबधबा, त्यावरून वळणारा लिबर्टी ब्रिज, मेन स्ट्रीटवर झाडांची सावली. लोक अनोळखी माणसाला थांबून नमस्कार करतात. एडिसनला असं कोणी केलं तर आपण पर्स घट्ट धरतो. पण हे सगळं गावाच्या मधोमध. शहराच्या हद्दीत जेमतेम ७० हजार लोक राहतात, बाकी सगळे सिम्प्सनव्हिल, मॉल्डिन, ग्रीर, टेलर्स असे पसरलेले. आम्ही जे अपार्टमेंट बघितलं तिथून किराणा दुकान मैलभर. म्हटलं चालून बघू. अर्ध्या वाटेवर फुटपाथ संपला. तुटलेला नव्हता, बांधून तिथेच संपवला होता, पुढे गवत आणि चर. सासूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “रस्ता इथंच संपला का गं?” मला त्या वाक्यानंतर त्या गावाचं काही बघवेना.

चॅटनुगा यादीत आलं ते माझ्या मावसभावामुळे. तिथल्या महापालिकेच्या वीज कंपनीने २०१०मध्येच सगळ्या गावाला गिगाबिट इंटरनेट दिलं, तुझं काम घरूनच आहे, मग अजून काय पाहिजे, असं त्याचं म्हणणं. गाव देखणं आहे. नदीवरचा जुना पूल फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवलाय, मुलांना मत्स्यालय आवडलं. पण नवऱ्याच्या धंद्यात तिथे मोठी फोक्सवॅगन, बाकी तिच्याच भोवतीचे पुरवठादार. चांगलं विमान पकडायला दोन तास गाडी चालवून अटलांटा. आमच्यापुरतं चॅटनुगा बाद.

हंट्सव्हिलला जाताना वाटेत वेळ तासाने मागे जाते हे विसरलो आणि घर बघायला तासभर आधी पोचलो. हायवेवरूनच सॅटर्न-५ रॉकेटची उभी प्रतिकृती दिसते, धाकटा वेडा झाला. गावात इंजिनिअर म्हणाल तर पोत्याने. घरमालकीण फार गोड बाई. जिन्याखालची कोठी उघडून म्हणाली, टॉर्नेडोचा भोंगा वाजला की इथे बसायचं. तळघर नाही. सासूबाईंनी आत डोकावून मला मराठीत विचारलं, “यात आपण पाचजण?” नवरा म्हणतो की भीतीचा रकाना एक्सेलमध्ये घालता येत नाही.

तर प्रश्न असे:

१. दुसऱ्या नोकरीचा माझा हिशेब बरोबर आहे का? तसं असेल तर कॅरीच, असं मला वाटतं.
२. वेक काउंटीत दोन मुलं दोन वेळापत्रकांवर असलेल्यांनी कसं निभावलं?
३. साउथ कॅरोलिनात स्वतः राहत असलेल्या घराला प्रॉपर्टी टॅक्ससाठी किमतीच्या ४ टक्के मूल्यांकन धरतात, नाहीतर ६ टक्के. व्हिसावरच्या कोणाला ४ टक्के मिळालंय का?
४. चार गाड्या विकत न घेता या गावांत म्हातारं माणूस राहू शकतं का?

“न्यू जर्सी सोडू नका” हा सल्ला कृपया नको. तो घरी रोज मिळतो.

---

मॉरिसव्हिलकर: स्वागत आहे, पण शिंका कायमच्या समजा. दोन वेळापत्रकांचं आम्ही तीन वर्षं भोगलंय. ऑक्टोबरमध्ये एकाला तीन आठवडे सुट्टी आणि दुसरीची परीक्षा. मात्र आपल्या वेळापत्रकाची सुट्टी जुळली की भारताचं तिकीट जून-जुलैपेक्षा स्वस्त पडतं, हा फायदा कोणी सांगत नाही. शाळेचं म्हणाल तर घराचा पत्ता काउंटीच्या साइटवर घालून कोणती शाळा आणि तिला कॅप आहे का, हे बघितल्याशिवाय लीजवर सही करू नका.

रॉकेटगाव: हंट्सव्हिलला १४ वर्षं आहे. पोत्याने इंजिनिअर हे खरं, पण त्यातल्या बऱ्याच नोकऱ्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि त्यासाठी नागरिकत्व. व्हिसावर असताना जॉब पोर्टलवर दिसतं त्यातलं निम्मं ताट आपलं नसतं. तुमच्या यजमानांच्या कामाचं म्हणाल तर माझदा-टोयोटाचा कारखाना २०२१पासून सुरू आहे, टोयोटाची इंजिनं इथे बनतातच. टॉर्नेडोची भीती मात्र टिंगलीवारी नेऊ नका. २७ एप्रिल २०११च्या टॉर्नेडोंनंतर इथे कित्येक दिवस वीज नव्हती. घर घेतलंत तर गॅरेजमध्ये शेल्टर बसवून घ्या, आम्ही बसवलाय. सध्या त्यात लोणच्याच्या बरण्या आहेत.

ग्रीरची गृहिणी: ताई, फुटपाथचं वाचून हसले आणि रडलेही. खरंय ते. आमच्याकडे वादळांचा विषय निघाला की हेलीन चक्रीवादळ. २७ सप्टेंबर २०२४ला पहाटे झाडं पडायला लागली, आमच्या गल्लीत नऊ दिवस वीज नव्हती. फ्रीजरमधलं ओलं खोबरं आणि मटार एकाच दिवशी संपवायला म्हणून आख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं. कॅम्पिंगच्या शेगडीवर पुलाव. ज्यांच्याशी चार वर्षं हात हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं, ते शेजारी करवत घेऊन आले आणि आमच्या दारातलं ओकचं झाड कापून गेले. देऊळ आहे, भारतीय दुकानं आहेत, मराठी घरं थोडी आहेत पण आहेत. आजींसाठी एक करा: दुकानाजवळ नाही, ट्रेलजवळ घर बघा. स्वॅम्प रॅबिट ट्रेल जुन्या रेल्वेच्या वाटेवर आहे, सपाट. माझी आई त्यावर रोज दोन मैल चालायची.

भर दुपारी: एक विचारू का, राग मानू नका. दुसरी नोकरी नक्की कोणाची मोजताय? कॅरीजवळचं रिसर्च ट्रँगल पार्क (कंपन्यांची वसाहत) १९५९पासून आहे, पण तिथे सॉफ्टवेअर, औषधं, बायोटेक. म्हणजे तुमची दुसरी नोकरी तिथे आहे, यजमानांची नाही. फार तर लिबर्टीला टोयोटाचा बॅटरी कारखाना, कॅरीहून तासभर. उलट ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्ग पट्ट्यात बीएमडब्ल्यू १९९४पासून गाड्या बनवतेय, मिशेलिनचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय ग्रीनव्हिलला, शिवाय पुरवठादारांची रांग. तुमचा ईएडी त्यांच्या एच-वन-बीवर लटकलेला आहे. ६० दिवसांचं घड्याळ त्यांच्या नोकरीवर चालू होतं, तुमच्या नाही. आणि वकिलाला हे विचारा: बदली घेतली तर एच-वन-बीची अमेंडमेंट (अर्जात दुरुस्ती) लागेल आणि बहुधा पर्मही (ग्रीन कार्डाआधीची कामगार खात्याची मंजुरी) नव्याने करावं लागेल, पण मंजूर आय-१४०ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, टिकते. ते कंपनी करून देणार का, हे लेखी घ्या. पगारवाढीपेक्षा ते महत्त्वाचं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. ‘भर दुपारी’ यांचा प्रतिसाद रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, “मी हेच म्हणत होतो.” तो हे म्हणत नव्हता, तो हंट्सव्हिल म्हणत होता. पण मी माझा रकाना भरताना मला आवडलेल्या गावाला मार्क दिले, हे कबूल.

शीट पुन्हा केली. कॅरीच्या मुलाखतीची दुसरी फेरी गुरुवारी आहे, ती होऊ देणार. ग्रीनव्हिलच्या एचआरला आजच मेल टाकली: अमेंडमेंट आणि नवं पर्म कंपनी कधी सुरू करणार, तारीख द्या. तारीख आली तर एक वर्ष भाड्याने, घर घेणार नाही, त्यामुळे ४ टक्के की ६ टक्के हा प्रश्न सध्या बाजूला.

सासूबाईंना ट्रेलबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या मिरजेच्या बाईंचा नंबर घेतलाय ना तू? घेतलाय.

‘ग्रीरची गृहिणी’, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. ट्रेलपासून चालत जाता येईल अशी दोन बेडरूमची जागा कुठे आहे, आणि धाकट्याची शाळेची बस तिथे येते का, एवढं बघून सांगाल?