आखाजीच्या गाण्यांवरच्या प्रकरणाचा लेख करायचा आहे, कुठून सुरुवात करू?

तापीकाठची (शिरपूर):

नमस्कार मंडळी. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. पीएचडीचं लेखन शेवटाला आलंय. विषय आखाजीची, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाची, अहिराणी गाणी. झोक्यावरची, गौराईची, मुराळ्याची (माहेरी न्यायला येणाऱ्या भावाची) अशी सगळी गाणी आजोळच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांकडून मोबाईलवर रेकॉर्ड केलेली आहेत. तिसरं प्रकरण ७५ पानांचं झालंय, त्याचाच लेख करून एखाद्या मराठी संशोधनपत्रिकेला पाठवायचा विचार आहे. पत्रिकेची मर्यादा ५,००० शब्दांची. कापू काय? प्रत्येक गाणं लाडकं.

दुसरं, परवा व्हॉट्सॲपवर जाहिरात आली. 'यूजीसी केअर लिस्टेड, १,८०० रुपये, तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत.' स्टाफरूममधल्या दोघांनी लगेच भरले. मीही भरू का? आणि मार्गदर्शकांचं नाव सहलेखक म्हणून घालावंच लागतं का? सर स्वतः काही बोलले नाहीत, पण बाकीचे म्हणतात, घालून टाक, बरं असतं.

चाळीसगावकर:

ताई, एक रुपया भरू नका. केअर यादी, म्हणजे मान्य पत्रिकांची यादी, यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली. आजच्या तारखेला कुणी 'केअर लिस्टेड' म्हणून पैसे मागत असेल तर कोणती यादी ते त्यालाच विचारा. यूजीसीने आता फक्त निकष सुचवलेत, पत्रिका पारखायचं काम संस्थांवर आणि आपल्यावर आलंय. आयएसएसएन दाखवतील, त्याला भुलू नका. तो आठ आकडी नंबर नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. आणि तीन दिवसांत कुठल्या परीक्षकाने लेख वाचला म्हणे?

शिवाय प्रबंध देण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती जळगावला विचारून घ्या. नसेल तर घाई कशाला?

आप्पा, धुळे:

पोरी, मी निवृत्त मास्तर. अजूनही दोनतीन पत्रिका परीक्षणाला लेख पाठवतात, तेव्हा टेबलाच्या या बाजूने सांगतो.

प्रकरण कापून लेख होत नाही. प्रकरण बाजूला ठेव आणि कोऱ्या पानावर एकच प्रश्न लिही. ७५ पानांत तुझे आठदहा प्रश्न असतील, त्यातला एक निवड. तू मुराळ्याची गाणी म्हणालीस, तेच घे ना. पूर्वी भाऊ बैलगाडी जुंपून बहिणीला आणायला जायचा. आता लेकी नवऱ्याच्या मोटारसायकलवर येतात, नाहीतर एसटीने एकट्या. मग गाण्यातला मुराळी बदलला की तसाच राहिला? तसाच असेल तर आज गाणारीला तो कशासाठी हवा आहे? एवढ्यावर ५,००० शब्द पुरणार नाहीत. झोका आणि गौराई दुसऱ्या लेखाला ठेव, कुठे पळून जात नाहीत.

सुरुवातीची पानं मी न बघताच सांगतो. खानदेशचा भूगोल, नाव कसं पडलं, मग १८८० चं गॅझेटियर, मग भारतीय भाषांचं सर्वेक्षण करणारा ग्रिअर्सन. बरोबर? आपल्याकडचा प्रत्येक लेख तिथूनच निघतो आणि प्रश्नापर्यंत पोचता पोचता परीक्षक पेंगतो. ग्रिअर्सनने खानदेशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, भिल्ली भाषांच्या भागात (खंड ९, भाग ३, १९०७) घातलं, हे तुझ्या मुद्द्याला लागत असेल तरच ठेव. नसेल लागत तर काढ. प्रबंधात आपण वाचलंय हे दाखवावं लागतं, लेखात ते गृहीत असतं.

आता मी सगळ्यात आधी काय शोधतो ते. गाणं कुणी म्हटलं, कुठल्या गावात, कुठल्या साली, बाईचं वय काय, माहेर कुठलं. गाणं सासरबरोबर गाव बदलतं, म्हणून माहेर लिहायलाच हवं. आणि बहुतेक जण जे लिहितच नाहीत ते हे: आखाजीला निंबाच्या झोक्यावर चारचौघींत म्हटलं, की तू सांगितलंस म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ओट्यावर बसून म्हटलं? ओट्यावरचं गाणं खोटं नसतं, पण ते वेगळं असतं. बाई आठवून म्हणते, कडवी जुळवते, मधली गाळते, झोका नसल्याने ठेकाही सैल होतो. तू त्यावर 'सामूहिक गायन' म्हणून निष्कर्ष काढलास की मी लाल पेन उचललाच. प्रत्येक रेकॉर्डिंगला क्रमांक दे, लेखात गाण्याखाली तो टाक. मूळ अहिराणी ओळी आधी, खाली अर्थ. अहिराणी 'सुधारून' छापू नकोस, लोक सर्रास करतात.

नाव छापायचं की नाही ते त्या बाईलाच विचार. काहींना पूर्ण नाव हवं असतं आणि ते त्यांना मिळालंच पाहिजे. काहींच्या गाण्यात सासूचा उद्धार असतो, सासू जिवंत असते. तिथे गाव आणि वय पुरे.

सहलेखकाचं म्हणशील तर लेखाच्या विचारात किंवा लेखनात ज्याचा खरोखर वाटा त्याचं नाव. मार्गदर्शन केलं म्हणून आभार मान, तेवढं शोभतं. सरांना स्पष्ट विचारून टाक, गप्प बसलेल्या माणसाच्या मनातलं बाकीच्यांनी ठरवू नये.

फाँटवाला भाऊ (नंदुरबार):

आप्पांनी मोठं सांगितलं, मी किरकोळ सांगतो. प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाईप केला असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण कन्व्हर्टरवर विसंबू नका. 'ऱ्या', 'ऱ्ह' आणि रफार हमखास बिघडतात, आणि अहिराणीत 'ऱ्हा' पावलोपावली. गाण्याच्या ओळी हातानेच तपासा. बहुतेक पत्रिकांत लेखकाचं नाव परीक्षकाला कळू देत नाहीत, म्हणून नाव वेगळ्या पानावर द्यायचं. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्येही नाव असतं, ते पुसा. 'माझ्या आधीच्या लेखात' असली वाक्यं बदला. आभाराचा परिच्छेदही त्या प्रतीतून काढा, गाईडचं नाव वाचून कोण लिहितंय ते लगेच कळतं.

तापीकाठची:

आप्पा, भूगोल, गॅझेटियर, ग्रिअर्सन, अगदी ह्याच क्रमाने अकरा पानं आहेत 😄 मुराळ्याचाच प्रश्न घेते. बरीचशी गाणी ओट्यावरचीच आहेत, पण तारखा फाईलच्या नावात आहेत, त्यामुळे वेगळी काढता येतील. शेवटचं विचारते, एकाच वेळी दोन पत्रिकांना पाठवलं तर? वेळ वाचेल.

आप्पा, धुळे:

नाही. एकीकडून नकार येईपर्यंत किंवा तू लेखी मागे घेईपर्यंत दुसरीकडे जायचं नाही. मराठीत परीक्षक मोजके, तोच लेख दोन्हीकडून एकाच माणसाच्या हातात पडतो. माझ्या पडलाय. सहा महिने लागू शकतात. तीन महिन्यांनी एक विनयाचं पत्र टाकायला हरकत नाही. दुरुस्त्या आल्या की प्रत्येक शेऱ्याखाली काय बदललं ते लिहून पाठव, जे पटलं नाही ते का पटलं नाही तेही लिही. संपादक चिडत नाहीत.

पत्रिका निवडण्याआधी तिचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळ. लोकसाहित्य छापतात का, तळटीपा कशा देतात, सगळं तिथेच दिसतं. इथल्या राजवाडे संशोधन मंडळाच्या 'संशोधक'चे जुने अंक बघितलेस तर साधनाचा हवाला कसा द्यावा ते कळेल. मंडळाचा भर इतिहासावर, पण शिस्त तीच लागते. आते बठ अन लिख.