घरचा पूल: मिठाचा की क्लोरीनचा? नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

बेसा भागात घर बांधून दोन वर्षं झाली. मागे २४ बाय १२ फुटांची जागा मोकळी आहे आणि पोरांनी एप्रिलपासून 'पूल, पूल' लावून धरलंय. सरासरी ४ फूट खोल धरला तर ३२-३३ हजार लिटर पाणी होतं. खड्ड्याची काळजी नाही. काळी माती किती फुगते ते कंपाउंडच्या भिंतीने आधीच शिकवलंय, त्यामुळे ते काम इंजिनिअरला विचारूनच चाललंय. अडलंय पाण्यावर. एक कंत्राटदार म्हणतो मिठाची सिस्टीम बसवा, क्लोरीनची कटकटच नाही. दुसरा म्हणतो, भाऊ, नागपुरात मीठ चालत नाही, क्लोरीनच्या गोळ्या टाका न मोकळे व्हा. दोघंही आपापला माल विकून राहिले. ज्यांच्या घरी पूल आहे त्यांनी लिहा. कौतुक थोडं कमी, भानगडी जास्त.

काटोल रोड

आधी 'क्लोरीनची कटकटच नाही' हे डोक्यातून काढा. मिठाच्या पुलातही क्लोरीनच असतं, फक्त ते घरच्या घरी तयार होतं. खारं पाणी सेलमधून जातं, आतल्या पत्र्यांना करंट मिळाला की मिठातून क्लोरीन तयार होतं, आणि जंतू मारून झाले की त्याचं पुन्हा मीठ. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून एकदा भरलं की बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या पाण्याने धुताना) जाईल तेवढंच वरून टाकायचं. मी लिटरला साडेतीन ग्रॅम ठेवतो. समुद्रात ३५ असतं, त्यामुळे खारट लागेल ही भीती नको. अळणी वरणाइतकीच चव. तुमच्या पुलाला ११५ किलोच्या आसपास लागेल. मीठ शुद्ध आणि बिनआयोडीनचं घ्या, बाजारातलं मळकट खडेमीठ नको.

आता भानगड. या सिस्टीममध्ये पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचा आकडा) सारखा वर चढतो. ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायला मला दर आठवड्याला ॲसिड टाकावं लागतं. म्हणजे कटकट गेली नाही, डबा बदलला.

दुसरी भानगड खास आपली. मे महिन्यात कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो ना, अगदी तोच थर सेलच्या पत्र्यांवर चढतो. बोअरचं पाणी. पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नाही, मी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढला. थर गेला, पण पत्र्यावरचा लेपही गेला, आणि पाच वर्षं चालेल म्हणून सांगितलेला सेल तिसऱ्या वर्षी मेला. आता चार भाग पाण्यात एक भाग ॲसिड घालून दहा-पंधरा मिनिटं भिजवतो. फेस यायचा थांबला की झालं. आणि हो, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही.

जुना धरमपेठकर

आमचा पूल ११ वर्षांचा, मिठाशिवाय. सुरुवातीची वर्षं टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्या तरंगत्या डब्यात टाकायचो. सोपं काम, सुट्टीवर गेलो तरी चालायचं. एका मे महिन्यात पाणी हिरवं झालं. टेस्ट किट क्लोरीन ४ पीपीएम (लिटरला ४ मिलिग्रॅम) दाखवतंय आणि भिंती शेवाळाने बुळबुळीत! दुकानदार म्हणाला, अजून गोळ्या टाका. टाकल्या. अजून हिरवं.

नंतर कळलं. या गोळ्यांतून क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं, ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. थोडं असलेलं चांगलं, ३०-५० पीपीएम, नाहीतर आपल्या उन्हात उघडं क्लोरीन दोन-तीन तासांत साफ होतं. पण ते स्वतः उडत नाही, साचत जातं. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम. रोजचं ३ पीपीएम क्लोरीन धरा, तीन महिन्यांत दीडशेच्या वर. मग क्लोरीन असून नसल्यासारखं. उपाय एकच होता, निम्मं पाणी सोडून दिलं. भर उन्हाळ्यात! शेजारच्यांनी ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही.

आता द्रव क्लोरीन वापरतो, ऊन उतरल्यावर ओततो. गरमीत कॅनमधली ताकद भराभर उतरते, म्हणून जिन्याखाली अंधारात ठेवतो आणि पंधरा दिवसांपुरतंच आणतो.

हिंगणा फार्म

हौ, मिठाचाच आहे बाप्पा आपल्याकडे. पोहायला मऊ लागते, पोरायचे डोळे चुरचुरत नाही. पण सेल चालते पंपावर न पंप चालते लाइनीवर. आम्ही शनिवारीच जातो. मधात दोन दिवस लाइन गेली की पाणी कचऱ्यावानी. आता दर वेळी एक कॅन क्लोरीन ठेवूनच जातो. मंग काय फायदा?

अजून एक सांगतो. बॅकवॉशचं पाणी माळ्यानं लिंबाच्या आळ्यात सोडलं. चांगलं पाणी वाया काऊन घालवायचं म्हणे. दोन लिंबं पानं जळून बसली. शिडीही गंजली, साध्या स्टीलची होती. ३१६ नंबरचं स्टील मागा.

प्रतापनगरची काकू

डोळे चुरचुरतात ते क्लोरीन जास्त झालं म्हणून नव्हे, बहुतेकदा कमी पडलं म्हणून. घाम, तेल, लघवी यांच्याशी क्लोरीन मिसळून जे बनतं त्याचाच तो वास. आमच्याकडे अंघोळ केल्याशिवाय पुलात उतरायचं नाही, पाहुण्यांनासुद्धा.

आणि एक घडलेलं. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने टीसीसीएच्या पावडरीतला ओला चमचा तसाच ब्लीचिंग पावडरच्या डब्यात घातला. डबा धुमसायला लागला. तो डबा टाकून पळाला म्हणून वाचला, गच्चीवरची फरशी अजून काळी आहे. दोन्ही क्लोरीनच, मग एकच, असं त्याला वाटलं होतं. डबे वेगळे, चमचे वेगळे, ठेवायच्या जागाही वेगळ्या.

उमरेड रोड

डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झालं की माझं मिठाचं मशीन स्वतःहून बंद पडतं. बिघडलं म्हणून मेकॅनिक बोलावला होता, फुकट पैसे गेले. तसंही तेव्हा पोहतं कोण.

धागाकर्ता, बेसा

सगळ्यांचे आभार. बोअरचं पाणी तपासून आणलं, कडकपणा (थर धरणारे क्षार) ५८० पीपीएम. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं तरी माझ्या पुलात रोज २६८ लिटर भरावं लागेल. उडतं ते गोडं पाणी, भरतो ते क्षाराचं. हे काटोल रोडवाल्यांच्या कूलरवरून डोक्यात आलं.

काटोल रोड

५८० म्हणजे सेल महिन्या-दीड महिन्याने उघडावा लागेल. गच्चीचं पावसाचं पाणी फिल्टर करून जुलैत पुलात सोडा. मी दोन वर्षं करतोय, थर निम्मा झाला. पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्या, धूळ निघते.

धागाकर्ता, बेसा

ठरलं. गच्चीचा पाइप पुलापर्यंत आणतोय. फिल्टरनंतर सेलपुरती जागा आणि वायर सोडून ठेवतोय, शिडी ३१६ची. पहिला उन्हाळा द्रव क्लोरीनवर काढणार. रात्री कव्हर टाकणार. फक्त संध्याकाळी सातला कॅन कोण ओतणार, यावर घरात अजून एकमत नाही.