मदत हवी आहे: गोठार्ड घाटात दिसलेला जुना बोनेटवाला ट्रक ओळखा (तातडीचं)

बोनेटवाला_सातारा
मंडळी, स्वित्झर्लंडमध्ये आहे. काल गोठार्ड खिंडीच्या जुन्या दगडी रस्त्यावर एक जुना बोनेटवाला ट्रक समोरून चढत आला. हिरवा, सहाचाकी, लाकडी फाळक्यांचा हौदा, स्टेअरिंग उजवीकडे. सोबत बाबा आहेत, त्यांनी उभं आयुष्य ट्रक चालवला, त्यांनाही ओळखता आला नाही. कोणती कंपनी? आणि असे ट्रक जवळपास कुठे बघायला मिळतील? उद्याचा एकच दिवस हातात आहे, परवा विमान. गूगलवर शोधा असं कृपया सांगू नका, तासभर तेच केलंय.

डिझेल_देवा
फोटो?

कॉमेट६५
उजवी स्टेअरिंग म्हणजे इंग्लंडची गाडी, यात शोधायचं काय? लेलँडच असणार. मी स्वतः लेलँडच्या कॉमेट ट्रकवर शिकलो. एन्नोरच्या कारखान्यातून आलेली कॉमेट आणि तिची विलायती बहीण, दोघींचं नाक मी अंधारातही ओळखीन. इंग्रज हौशी लोक जुने ट्रक घेऊन आल्प्सच्या सहलीला निघतात. वडिलांना विचार, रेडिएटरची जाळी उभ्या पट्ट्यांची होती का?

पाटा_स्प्रिंग
"जवळपास" म्हणजे कशाच्या जवळपास? मुक्काम कुठे आहे? गाडी आहे की ट्रेनने फिरताय? विमान कुठून आहे? आणि चाकं कशी होती, नंबरप्लेट कशी होती? हिरवा रंग सांगून ट्रक ओळखता येत नाही हो.

बोनेटवाला_सातारा
फोटो दोनच आहेत, दोन्ही मागून. मी गाडी चालवत होतो, बायकोने मागच्या सीटवरून काढले तोवर ट्रक पुढे गेला होता. समोरचा फोटो नाही, म्हणून तर विचारतोय. फोटो इथे चढत नाहीयेत, हॉटेलचं वायफाय रडतंय.

टाटानगरी
माझ्या मते मर्सिडीज. आपल्या टाटाचे पहिले ट्रक मर्सिडीजचेच होते. १९५४ ला करार झाला, जमशेदपूरला गाड्या बनू लागल्या, १९६९ ला करार संपला आणि तारा जाऊन टीचं चिन्ह आलं. ते गोल नाक साऱ्या जगात फिरलंय. बाबांनी टाटा-मर्सिडीज चालवली असेल तर त्यांना ओळखीचं वाटायला हवं होतं. वाटलं का?

कॉमेट६५
जर्मनीत उजवी स्टेअरिंग कुठून आली? काहीही.

टाटानगरी
भारतात बनलेल्या मर्सिडीजला उजवीच होती की.

कॉमेट६५
मग काय जमशेदपूरहून गोठार्डला गेली?

झुरिककर
थांबा दोघेही. मी इथे राहते. बोनेटवाला, नंबरप्लेटचं उत्तर द्या. स्विस प्लेटवर आधी कॅंटनची, म्हणजे इथल्या राज्याची, दोन अक्षरं आणि मग आकडा असतो. मागच्या प्लेटवर एका बाजूला स्विस क्रॉस आणि दुसऱ्या बाजूला कॅंटनचं चिन्ह असतं. तुमचे फोटो मागूनच आहेत, म्हणजे हे दिसायलाच हवं.

बोनेटवाला_सातारा
मोठा करून बघितला. यूआर अशी अक्षरं, डावीकडे क्रॉस, उजवीकडे पिवळ्यावर काळं बैलाचं डोकं.

झुरिककर
ऊरी कॅंटन. गोठार्डची उत्तर बाजू त्यांचीच. म्हणजे गाडी इथलीच, इंग्लंडहून आलेली नाही. आणि जुन्या स्विस ट्रकला उजवी स्टेअरिंग अगदी सर्रास असायची! पिवळ्या पोस्टाच्या बसलासुद्धा. इथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे उजवीकडे बसलेला ड्रायव्हर बरोबर रस्त्याच्या काठावर येतो. अरुंद घाटात समोरून गाडी आली की दरीकडे किंवा कड्याकडे किती जागा उरली ते त्याला मान खिडकीबाहेर काढून दिसतं. हे इंग्रजांकडून उसनं घेतलेलं नाही, डोंगरामुळे आलेलं आहे.

बोनेटवाला_सातारा
बरोबर!! बाबा कालपासून हेच म्हणताहेत, "ड्रायव्हर काठावर बसलाय, मान बाहेर काढून चाक बघतोय." त्यांना वाटलं क्लीनरच्या बाजूला बसून कुणी चालवतोय. खंबाटकीत समोरून गाडी आली की क्लीनरला उतरवून डावी बाजू बघायला लावायचे, असं आत्ता सांगत बसलेत.

पाटा_स्प्रिंग
मग उत्तर तीन नावांत आहे. झाउरर, बर्ना, एफबीडब्ल्यू. तिन्ही स्विस. आता चाकांचं सांगा. मध्ये गोल तबकडी होती, की हबपासून रिमपर्यंत जाड हात होते?

बोनेटवाला_सातारा
मागच्या चाकाला हात दिसताहेत. मध्ये पोकळ्या आहेत.

पाटा_स्प्रिंग
ट्रायलेक्स. शाफहाउजेनच्या गेओर्ग फिशरची चाकं. रिम अखंड नसते, तीन तुकड्यांत असते. ते तुकडे सोडवून टायर काढायचा, तबकडी आणि कडीशी झटापट नाही. तुमच्या बाबांना हे कळेल, घाटात पंक्चर काढलेल्या माणसाला तर फारच.
पण ट्रायलेक्स बऱ्याच युरोपियन ट्रकना असायची, त्यामुळे एवढ्यावरून कंपनी ठरत नाही. माझा कौल झाउररच्या डी मालिकेला, बहुधा ५डी. त्याआधीची सी मालिका १९३४ पासूनची, तिचं नाक जास्त जुन्या वळणाचं.

चेसिसनंबर
कौल देऊन मोकळे होऊ नका. झाउररने बर्ना कंपनी १९२९ मध्येच घेतली. त्यानंतर ओल्टनच्या बर्नातून निघणाऱ्या गाड्या हळूहळू झाउररच्या जुळ्या झाल्या. झाउरर ५डी म्हणजे बर्ना ५व्ही. लष्करी ट्रकचंही तेच, तिकडे २डीएम तर इकडे २व्हीएम. मागून फोटो बघून झाउरर की बर्ना हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. नाकावरचं नाव हवं.

पाटा_स्प्रिंग
एकाच आईची लेकरं असतील तर झाउरर म्हटलं तर काय बिघडलं?

चेसिसनंबर
बिघडलं. बर्नावाले लोक बर्नाच म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. ओल्टनच्या कामगारांनी बांधलेल्या गाडीला अर्बोनचं, म्हणजे झाउररच्या गावचं, नाव का द्यायचं? आणि एफबीडब्ल्यू तुम्ही नुसती यादीत टाकलीत आणि सोडून दिलीत. फ्रांत्स ब्रोझिन्चेविच या माणसाने वेत्सिकोनला उभी केलेली कंपनी, नावातली तीन अक्षरं त्याची आणि गावाची. ती पूर्ण वेगळी होती. १९८२ मध्ये झाउरर आणि एफबीडब्ल्यू एकत्र येऊन एनएडब्ल्यू ही नवी कंपनी झाली, डाइमलर-बेंझच्या सहभागाने.

टाटानगरी
बघा, शेवटी मर्सिडीज आलीच.

रानफूल
लुत्सर्नमध्ये असाल तर शाकाहारी जेवणाची अजिबात चिंता करू नका, स्टेशनच्या आसपास भारतीय हॉटेलं आहेत. सुपरमार्केटमध्ये दही आणि ब्रेड स्वस्त पडतो. आम्ही ठेपले आणि मेतकूट नेलं होतं, खूप उपयोग झाला. पाणी विकत घेऊ नका, गावातल्या कारंज्यांचं पिण्याजोगं असतं.

यंत्रमाग
झाउरर म्हणजे मागवाले झाउरर का? मी इचलकरंजीचा. हे नाव आमच्याकडे माग आणि भरतकामाच्या मशिनींमुळे माहीत आहे. ट्रकही बनवायचे हे आज कळलं.

चेसिसनंबर
तेच. १८५३ मध्ये ओतकामापासून सुरुवात, मग भरतकामाची यंत्रं, माग, आणि १९०३ पासून ट्रक. सेंट गॅलनचा सगळा टापू भरतकामाचा, त्यामुळे यंत्रं आधी आली. अर्बोनच्या म्युझियममध्ये माग आणि ट्रक एकाच छताखाली आहेत.

झुरिककर
बोनेटवाला, तुम्ही अजून मुक्काम सांगितलेला नाही. वाहन सांगितलं नाही. बाबांना किती चालवतं तेही नाही. रानफूल यांनी लुत्सर्न धरलंय, पण तुम्ही तसं कुठे लिहिलेलं दिसत नाही.

बोनेटवाला_सातारा
लुत्सर्नच. भाड्याची गाडी आज सकाळी परत केली, आता रेल्वेचा पास आहे. बाबांचे गुडघे दुखतात, पण ट्रकसाठी चालतील. विमान परवा सकाळी झुरिकहून. सोबत बायको आणि मुलगी.

सहलवीर
मग फार विचार करू नका, लुत्सर्नमध्येच वाहतूक संग्रहालय आहे, फेरकेअर्सहाउस. १९५९ चं, वर्षाचे ३६५ दिवस उघडं. तळ्याकाठी आहे, बसने पोचाल. मुलीला विमानं, रेल्वे इंजिनं, सगळं बघता येईल. एका दिवसात धावपळ कशाला?

पाटा_स्प्रिंग
तिथे सगळंच आहे, म्हणजे ट्रक थोडे. ज्याला ट्रकच बघायचे आहेत त्याला विमानं दाखवून काय उपयोग? अर्बोनला जा. कंपनीचं गाव, बोडन तळ्याच्या काठावर. त्या गावात उतरल्यावरच बाबांना बरं वाटेल.

सहलवीर
लुत्सर्नहून अर्बोन म्हणजे जायलाच दोन-अडीच तास. गुडघे दुखणारा माणूस आणि लहान मुलगी. स्वतःचा छंद दुसऱ्याच्या घरच्यांवर लादू नये.

कॉमेट६५
ड्रायव्हर माणूस आहे तो. अडीच तास बसून जायला त्याला काय होणार? आम्ही सांगलीहून मुंबई रात्रीत गाठायचो, तेही बिनपॉवरच्या स्टेअरिंगवर.

झुरिककर
दोघांचंही जमेल असा मार्ग सांगते. विमान झुरिकहूनच आहे ना, मग उद्या रात्रीचा मुक्काम झुरिकला हलवा. सकाळी सामान घेऊन लुत्सर्नहून झुरिक, स्टेशनवरच्या लॉकरमध्ये बॅगा टाका. तिथून रोमान्सहोर्नची थेट गाडी मिळते, रोमान्सहोर्नहून रोरशाखकडे जाणारी लोकल, तिच्यावर अर्बोन. झुरिकपासून साधारण दीड तास, संध्याकाळी तेवढ्याच वेळात परत. पास सगळीकडे चालेल. लोकलमधून तळं दिसत राहतं, मुलगी कंटाळणार नाही. निघण्याआधी म्युझियमच्या वेळा त्यांच्या साइटवर बघा, लहान म्युझियमं रोज दिवसभर उघडी असतीलच असं नाही. वेत्सिकोनच्या एफबीडब्ल्यू म्युझियमचंही तेच. ते झुरिकच्या जवळ आहे, पण वेळा बघितल्याशिवाय जाऊ नका.

बोनेटवाला_सातारा
ताई, हेच हवं होतं. साइट बघितली, उद्या दुपारी उघडं आहे. बाबांना सांगितलं, आत्ताच शर्टाला इस्त्री मागताहेत.
पण ट्रकचं नाव अजून ठरलेलं नाही. झाउरर की बर्ना?

हिंजवडी_हायवे
एक बाजूचा प्रश्न. इतका जुना ट्रक रस्त्यावर कसा काय चालतो? आपल्याकडे तर लगेच स्क्रॅप.

झुरिककर
३० वर्षांहून जुनं आणि मूळ रूपात राखलेलं वाहन असेल तर त्याला इथे व्हेटरन म्हणून नोंद मिळू शकते. धंद्यासाठी वापरायचं नाही, वर्षाकाठी फिरवायलाही मर्यादा. पण रस्त्यावर आणता येतं. उन्हाळ्यात खिंडी उघडल्या की मालक मुद्दाम घाटात नेतात.

कॉमेट६५
आपल्याकडेही २०२१ मध्ये नियम आला आहे. ५० वर्षांहून जुनी गाडी, नंबरात व्हीए ही अक्षरं.

चेसिसनंबर
काका, तो नियम नीट वाचा. दुचाकी आणि प्रवासी चारचाकी एवढ्यापुरताच आहे. ट्रक त्यात बसत नाही. महाराजांच्या गाड्या राखल्या जातील. पण ज्या कॉमेटने आणि टाटाच्या १२१० ने या देशाचा कांदा, ऊस, सिमेंट वाहिलं, ती कुर्ल्याच्या भंगारात गॅसकटरखाली जाईल. कुर्ल्यातच प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक बनायचे, आज त्यातला एक धड ट्रक दाखवा म्हटलं तर किती जण दाखवू शकतील? मला याचा मनापासून राग येतो. स्विस लोकांनी देवघरात ठेवल्यासारखे ट्रक नाही ठेवले, चालते ठेवलेत. आपल्यालाही हे करता येईल, मालवाहू गाड्यांसाठी त्या नियमात जागा हवी एवढंच.

कॉमेट६५
हे मला माहीत नव्हतं. पत्र लिहायचं असेल तर माझी सही घे. साताऱ्या-कराडकडचे जुने ट्रकमालक मी गोळा करतो.

टाटानगरी
माझीही. फक्त पत्रात टाटा-मर्सिडीजचं नाव पहिलं यायला हवं.

पाटा_स्प्रिंग
पत्रासाठी वेगळा धागा काढा. इथे माणसाची उद्या सकाळी गाडी आहे.

डिझेल_देवा
फोटो आले का?

बोनेटवाला_सातारा
आले! आत्ताच चढले, वर पहिल्या पोस्टमध्ये टाकलेत. कुणाकडे ५डी आणि ५व्ही दोन्हींचे समोरचे फोटो असतील तर टाका, बाबांना शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. त्यांना नाक आठवतंय असं म्हणतात.

चेसिसनंबर
दोन्ही टाकले. डावा झाउरर, उजवा बर्ना. बाबांना आधी कुठला कोणता हे सांगू नका. तुमच्या दुसऱ्या फोटोत फाळक्याखाली मधोमध काहीतरी दिसतंय, ट्रेलर जोडायचा हुक आहे का तो?

बोनेटवाला_सातारा
हुकच आहे, जाड. बाबांनी दोन्ही फोटो बघितले आणि लगेच उजव्यावर बोट ठेवलं.

चेसिसनंबर
बर्ना!! पाटा_स्प्रिंग, वाचताय ना?

पाटा_स्प्रिंग
वाचतोय. म्युझियममध्ये विचारून या. ऊरीचा नंबर आणि हिरवा रंग एवढं सांगितलं तर तिथला कुणीतरी मालकालाही ओळखत असेल. आणि बाबांना केबिनमध्ये चढू देतात का तेही विचारा.