शेतातल्या खोलीत हॅम रेडिओचा सेट बांधायला स्कोप लागतोच का?

आर्वीकर
बर्डीकरांनी परवा इथे लिहिलं, "ट्रान्समीटर घरी बांधायचा असेल तर आधी १०० मेगाहर्ट्झचा स्कोप, व्हीएनए, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि बेंच सप्लाय घ्या. नसेल जमत तर तयार सेट विकत घ्या." ते वाचून आमच्याकडच्या एका पोराचा फोन आला. हॅमचा परवाना नुकताच हातात पडलाय. विचारतो, "काका, सोयाबीन विकल्यावरच सुरू करू का मग?" म्हणून हे सविस्तर लिहितोय. (नवख्यांसाठी: स्कोप म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप. व्हीएनए फिल्टर आणि अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला कसे वागतात ते मोजतो. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती पॉवर आहे ते दाखवतो. बेंच सप्लाय म्हणजे टेबलावरचा पॉवर सप्लाय.)

अशर फरहान यांनी बिटएक्स हा घरी बांधायचा सेट आखला तोच मुळी साध्या पार्टांत आणि जवळपास विनाउपकरण बांधता यावा म्हणून. मी माझा ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) सेट मल्टिमीटर, आरएफ प्रोब (रेडिओ सिग्नलचं व्होल्टेज मीटरवर दाखवणारा डायोडचा जोड) आणि डमी लोड एवढ्यावर उभा केला. डमी लोड म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचे, पॉवर जिरवणारे रेझिस्टर: १ किलोओहम, २ वॅटचे २० समांतर. झाले ५० ओहम, ४० वॅट. तारेचे वाइंडिंगवाले रेझिस्टर तेवढे घेऊ नका, ते कॉइलसारखे वागतात. प्रोबला लहान सिग्नलसाठी ओए७९ डायोड, डमी लोडवर १एन४१४८. मीटरवर आलेल्या व्होल्टेजमध्ये डायोडचा ड्रॉप मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. २२ च्या आसपास व्होल्ट आले की ५ वॅट मिळताहेत. याला स्कोप कशाला पाहिजे?

बर्डीकर
पॉवर किती ते प्रोब सांगेल. ती कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते कोण सांगणार? लो-पास फिल्टरच्या (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या) टोरॉइडला, म्हणजे कड्यावरच्या कॉइलला, वेढे चुकले तर ७.१ मेगाहर्ट्झबरोबर १४.२ वरही तुमचा आवाज जातो आणि प्रोबला दोन्ही सारखेच. माझ्या पहिल्या सेटचं हेच झालं. डमी लोडवर आकडे बघून मी खूश, आणि २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झ) एका ओळखीच्या माणसाने मला ऐकलं. लाज वाटली. परवाना दिलाय तो दुसऱ्यांचा बँड घाण करायला नाही.

पुसदकर
राजेहो, स्कोप अन् व्हीएनए राहू द्या बाजूला. सोल्डरिंग आयर्नचं कोणीच बोलून नाही राहिलं! आमच्याकडे पंप सुरू झाले की घरात १७० व्होल्ट. २५ वॅटचं साधं आयर्न १७० वर लावलं तर १४ वॅटसुद्धा देत नाही. व्होल्टेजच्या वर्गानं पॉवर पडते, करून पाहा हिशोब. कॉपरच्या मोठ्या प्लेटवर तो टाका वितळतच नाही नीट. मग ड्राय सोल्डर, म्हणजे टाका वरून धरलेला दिसते पण आत जोडच नाही. माझा रिसीव्हर दोन महिने मुका होता, तीनदा आयसी बदलला. शेवटी निघालं काय, तर बारा टाके ड्राय सोल्डर, त्यातला एक कॉइलच्या पायाजवळ.

चांदूरकर
पुसदकर, व्होल्टेजला उगीच दोष देताय. एनॅमलची तार नीट खरवडली नसेल, नाहीतर पत्र्याच्या कामाची अ‍ॅसिडवाली पेस्ट वापरली असेल. सोल्डरमधली राळ पुरते.

पुसदकर
सोळा वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्त केले मी. मले तार खरवडाले शिकवू नका. तुमच्या घरी २३० येत असतील, म्हणून सुचते हे.

चांदूरकर
माझ्या घरी काय येतं ते तुम्हाला माहीत नाही. भारनियमन आम्हीही भोगतो. तार खरवडली होती की नाही, एवढं सांगा.

मेळघाटी
भांडू नका भाऊ. मी मेन्सचं आयर्न सोडूनच दिलं. डीसीवर चालणारं, तापमान धरून ठेवणारं आयर्न घेतलं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवतो. फक्त १२ व्होल्टवर ते दमतं. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४ दिले की तेच एलिमेंट चौपट पॉवर घेतं (आधी आयर्नवर २४ लिहिलंय का ते बघा). आणि लाइट गेली की मी कामच काढतो. एलईडी बल्ब, चार्जर सगळे बंद, ४० मीटरवरची घरघर एकदम खाली. रिसीव्हर तपासायला तेवढी शांतता एरवी मिळतच नाही.

पुसदकर
हे पटते. तारेचं म्हणाल तर एक पाय खरवडला नव्हता, चांदूरकर. पण उरलेल्या अकरा टाक्यांचं काय? ते व्होल्टेजनंच गेले.

आर्वीकर
मूळ मुद्द्यावर या. बर्डीकर, फिल्टरचं तुमचं खरं आहे, तिथे प्रोब कामाचा नाही. पण त्यासाठी प्रत्येकाने उपकरणांची खोली भरायची नाही. आम्ही चौघांनी मिळून एक नॅनोव्हीएनए, म्हणजे हातात मावणारा छोटा व्हीएनए, घेतलाय. फिल्टर ७ मेगाहर्ट्झला सोडतो का, १४ आणि २१ ला किती पाडतो, हे पाच मिनिटांत दिसतं. अँटेनाही त्यानेच बघतो.

बर्डीकर
म्हणजे व्हीएनए लागतोच, हे तुम्हीच कबूल केलंत. बरं, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि १०० मेगाहर्ट्झचा आकडा मी मागे घेतो. करंट लिमिटवाला बेंच सप्लाय मात्र सोडणार नाही. बायसचा (सिग्नल नसताना ट्रान्झिस्टरमधून किती करंट वाहावा ते ठरवणारा) प्रीसेट उलट्या टोकाला राहिला आणि एका संध्याकाळी माझे तीन आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर उडाले.

आर्वीकर
बॅटरीच्या प्लसमध्ये ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा १२ व्होल्टवाला बल्ब सिरीजला लावा. पूर्ण शॉर्ट झालं तरी बल्ब पेटला की करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच अडतो. बल्ब भक्क पेटला की स्विच बंद करा. बायस १०० मिलिअँपिअरवर नीट बसला की बल्ब काढा. टीव्हीवाले मेन्सला सिरीज बल्ब लावतात, तेच हे.

बर्डीकर
बल्ब पहिल्यांदा सप्लाय देताना चालेल. पूर्ण पॉवरवर तो व्होल्टेज पाडणार, तेव्हा निदान फ्यूज तरी घालायला सांगा त्या मुलाला. आणि फिल्टर मोजल्याशिवाय अँटेना जोडू देऊ नका.

आर्वीकर
फ्यूज घालतो. रविवारी त्याला फिल्टर घेऊन बोलावलंय, मोजून आलेख इथे टाकीन.

पुसदकर
येताना त्याले आयर्नही आणाले सांगा. संध्याकाळी त्याच्या घरी किती व्होल्ट येतात तेही मोजून ठेवाले सांगा.