मदत हवी आहे: टॉवेल कारखान्याच्या नोंदीत खरी नोंद कोणती, दुबार कोणती?

सोलापूर, २४ माग, दोन पाळ्या (सकाळी ८, रात्री ८). पाळी संपली की जॉबर (मागांची देखरेख करणारे कारागीर) मोबाईलवर गूगल फॉर्म भरतात: माग नंबर, पाळी, क्वालिटी, डझन, वजन. शीटमध्ये बेरीज होते, मालकांना रोजचा अहवाल जातो, शनिवारी गोदामात वजनकाट्यावर ताळा घेतो. ताळ्यातच फरक सापडतो.

रात्रपाळीची तारीख चुकायची. टाइमस्टॅम्पमधून (फॉर्म पाठवल्याची वेळ) १० तास वजा केल्यावर ते सुटलं. अडचण दुबार नोंदींची आहे. रेंज गेली की तीच नोंद पुन्हा पाठवली जाते. वेळ वेगळी पडत असल्याने शीटमधलं 'युनिक' हे सूत्र ती पकडत नाही. म्हणून तारीख, पाळी, माग नंबर जोडून 'की' (नोंदीची ओळखखूण) बनवली आणि 'सॉर्टएन' सूत्राने प्रत्येक 'की'ची फक्त शेवटची नोंद ठेवली. पण पाळीच्या मध्येच बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) बदलला तर त्या मागाच्या दोन्ही नोंदी खऱ्या असतात, आणि पहिली उडते. क्वालिटी 'की'मध्ये घेतली, तरी नवा बीम त्याच क्वालिटीचा असला की तेच.

मूळ नोंदी पुसायच्या नाहीत, नवं सॉफ्टवेअर घेणं शक्य नाही. फॉर्म मराठी-तेलुगूत आहे, फारतर एक प्रश्न वाढवता येईल. तो बीम नंबरचा ठेवावा, की छापील पावती क्रमांकाचा?