फेनिटॉइनचं रेफरन्स स्टँडर्ड: कोणतं घ्यावं, कुठून घ्यावं?

एचपीएलसीग्रस्त
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट फिटवरच्या गोळ्यांचा, फेनिटॉइन सोडियम १०० मिग्रॅ. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) अॅसे, म्हणजे गोळीत औषध किती ते मोजणं, आणि सोबत डिझोल्यूशन, म्हणजे गोळीतून औषध किती वेगाने विरघळतं ते. एका कंपनीने १० ग्रॅम गिफ्ट सॅम्पल दिलंय, तेही सोडियमचंच. सीओएवर (कंपनीच्या तपासणी प्रमाणपत्रावर) प्युरिटी ९९.६ टक्के. सर म्हणतात, हेच स्टँडर्ड म्हणून, म्हणजे ज्याच्याशी ताडून गोळी मोजायची तो नमुना म्हणून, वापर. सिनिअर म्हणते, परीक्षक नेमकं इथेच पकडतात, एक व्हायल विकत घे. बजेट म्हणाल तर नाहीच. आयपीचं (भारतीय फार्माकोपियाचं) घेऊ, यूएसपीचं (अमेरिकेचं), की डीलर देईल ते? आणि सध्या इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, वजनकाट्याच्या खोलीत भिंतींना ओल आलीय.

रंकाळ्यावरचा_वारा
गिफ्ट सॅम्पल वापर की. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनी तेच केलं, व्हायवात कुणी विचारलं पण नाही.

गोकुळ_शिरगावकर
भावा, विचारलं नाही म्हणजे बरोबर होतं असं नसतंय. ताई, मी क्यूसीत (औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणीत) चौदा वर्षं काढली, माझं ऐका. ९९.६ हा आकडा त्या कंपनीने पॅकिंगच्या दिवशी, त्यांच्याकडच्या स्टँडर्डशी ताडून काढलेला. त्यानंतर ती पिशवी किती वेळा उघडली, कुणी उघडली, हे सीओएवर कुठं असतंय?

गोळी भारतातली, मोनोग्राफ (तपासणीचे अधिकृत निकष) आयपीचा, मग स्टँडर्डही आयपीआरएस, म्हणजे आयपीचं रेफरन्स स्टँडर्ड, घ्या. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन देतं. कॉलेजच्या नावाने मागवा. यूएसपीचं चांगलंच असतं, पण तुमच्या कामाला एवढा खर्च कशाला? मात्र एकच व्हायल घ्या आणि ती लिनिअॅरिटीत (वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं मोजण्यात) उडवू नका! तिच्याशी ताडून आपलं वर्किंग स्टँडर्ड बनवायचं, रोजचं काम त्याच्यावर.

डीलरचं म्हणाल तर मी एकदा फसलोय. सील ढिलं, लॉट नंबर लेबलवर एक आणि कागदावर दुसरा. परत पाठवेपर्यंत ऑडिट येऊन गेलं.

जुनी_प्रयोगशाळा
वरचं सगळं पटलं, पण मुख्य प्रश्न राहिलाच. बाळ, तू सॉल्ट (फेनिटॉइन सोडियम) घेणार की अॅसिड (नुसतं फेनिटॉइन)?

फेनिटॉइन सोडियम उघड्यावर ठेवलं की ओल ओढतं, हवेतला कार्बन डायऑक्साइडही घेतं, आणि त्यातून थोडं थोडं मोकळं फेनिटॉइन सुटत जातं. म्हणूनच त्याचं पाण्यातलं द्रावण ठेवून दिलं की गढूळ होतं. जुलैतल्या कोल्हापुरात तू सॉल्टचं वजन घेशील तेव्हा त्यात औषध किती आणि पाणी किती, ते देव जाणे. नुसतं फेनिटॉइन, म्हणजे अॅसिड, असा त्रास देत नाही. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण मेथॅनॉलमध्ये विरघळतं. मी असते तर अॅसिडचीच व्हायल मागवली असती.

फक्त फॅक्टर विसरायचा नाही. रेणुभार बघ: फेनिटॉइन २५२.२७, सोडियम सॉल्ट २७४.२५. म्हणजे ५० मिग्रॅ अॅसिड हे ५४.३६ मिग्रॅ सॉल्टच्या बरोबरीचं. माझ्या एका विद्यार्थ्याने हा गुणाकार केलाच नाही. झाडून सगळ्या गोळ्या ९२ टक्के! पोरगं कंपनीला पत्र लिहायला बसलं होतं. मी म्हटलं, आधी कॅल्क्युलेटर घे.

रंकाळ्यावरचा_वारा
मॅडम, चार-दोन टक्क्यांसाठी एवढा आटापिटा? पॅरासिटामॉलला कोण करतं?

जुनी_प्रयोगशाळा
पॅरासिटामॉलला चालून जाईल रे, इथे नाही. रक्तात फेनिटॉइन १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवायचं असतं. त्या पट्ट्यात लिव्हरची ते मोडायची ताकद संपत आलेली असते, त्यामुळे डोस जरासा वाढवला तरी पातळी एकदम उसळते. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला, डोस तोच असूनही पेशंटांना विषबाधेची लक्षणं दिसू लागली. कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज भरलं होतं, बस्स. औषधाचा एक कणही वाढवला नव्हता, ते रक्तात जास्त उतरू लागलं एवढंच. म्हणून हिच्या प्रोजेक्टमध्ये मला अॅसेपेक्षा डिझोल्यूशनच महत्त्वाचं वाटतं.

एचपीएलसीग्रस्त
बाप रे. मग माझे १० ग्रॅम वाया? मैत्रीण म्हणते, औषधच बदल, फिनोबार्बिटोन घे.

गोकुळ_शिरगावकर
अजिबात नको! ते एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या यादीत आहे. कागदं गोळा करण्यातच सेमिस्टर जाईल.

दहा ग्रॅम वाया कशाला? रिकव्हरीला, म्हणजे औषध नसलेल्या प्लॅसिबोत ठरावीक घालून तेवढंच परत मिळतं का बघायला, तेच वापरा. वर्किंग स्टँडर्डसाठी त्याच कंपनीला फोन लावा, दोन ग्रॅम अॅसिड मागा. देतात, लाजू नका. ते आलं की आयपीआरएसशी ताडा, कार्ल फिशर चाचणीत त्यातलं पाणी बघा, बेन्झिल आणि बेन्झोफिनोन या अशुद्धींचे पीक दिसतात का तेही बघा. मग लहान अंबर व्हायलमध्ये थोडं थोडं भरून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात). एक व्हायल एकदाच उघडायची. फ्रिजमधून काढली तर गार असताना झाकण काढू नका, आत दव धरतंय.

आणि आयपीआरएसच्या लेबलवरची किंमत, म्हणजे पैसे नव्हे, टक्केवारी, तीच गणितात घ्या. ‘अॅज इज’ (आहे तसंच, न वाळवता) लिहिलंय की वाळवून, ते वाचा. लॉट चालू आहे का, तेही कमिशनच्या यादीत बघून मगच वापरा.

एचपीएलसीग्रस्त
सरांना धागा दाखवला. पहिल्यांदा गप्प बसले, मग अॅसिडच्या एका व्हायलच्या मागणीवर सही केली. कंपनीलाही मेल टाकलाय. शेवटची शंका: पाऊस जरा उघडला की वजनं उरकून घेऊ का?

जुनी_प्रयोगशाळा
खिडकीबाहेर बघू नकोस, काट्याशेजारचा ह्युमिडिटी मीटर बघ. नसेल तर फिजिक्सवाल्यांकडून उसना आण.